म्हात्रे : एका आडनावाचा प्रवास

म्हात्रे हे उत्तर कोकणातले आडनाव आहे. वसईपासून अलिबागपर्यंतच्या खाडीकाठच्या पट्ट्यात ते दाट पसरले आहे. नवी मुंबईच्या जुन्या गावांत पाटील, ठाकूर, भोईर, घरत, मढवी यांच्या शेजारी म्हात्र्यांची घरे असतात. हे आडनाव गावावरून पडलेले नाही, पूर्वजाच्या नावावरूनही नाही. त्याच्या मुळाशी गावकारभारातले एक पद आहे.

ते पद म्हणजे 'महत्तर'. प्राचीन दानपत्रांत राजा जमीन दान देताना ज्यांना उद्देशून आज्ञा करतो, त्यांत विषयपती (म्हणजे विभागाचे प्रमुख), अधिकारी यांच्याबरोबर ग्राममहत्तर येतात. महत्तर हे गावातले जाणते, वडीलधारे लोक. दान दिलेल्या जमिनीच्या सीमा त्यांना ठाऊक असत, म्हणून त्यांची साक्ष मोलाची होती. प्राकृतातून मराठीत येताना 'मह'चा 'म्ह' झाला, जोड 'त्त' सुटा झाला आणि त्याच्या आधीचा स्वर लांबला. 'सप्त'पासून 'सत्त' आणि पुढे 'सात' झाले, तोच हा नियम. अखेरचा 'ए' मोरे, शिंदे, भोसले यांच्यासारखा आदरार्थी अनेकवचनाचा आहे. 'म्हातारा' हा शब्दही याच मुळातून निघालेला. ठाणे परिसरावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या लेखांत काही नावांना 'म्हातारा' अशी उपाधी जोडलेली दिसते. तिथे ती वयापेक्षा मान दाखवते. शिलाहारांचे असे शिलालेख उरणजवळच्या चांजे येथेही सापडले आहेत, म्हणजे हा प्रदेश त्या कारभाराच्या ऐन पट्ट्यात होता.

पदाचे आडनाव होणे जगात इतरत्रही घडले आहे. स्कॉटलंडच्या राजवाड्याचा कारभारी 'स्ट्यूअर्ड' म्हणवला जाई. बाराव्या शतकात हे पद वॉल्टर फिट्झ अ‍ॅलनकडे आले, त्याच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिले आणि स्ट्यूअर्ट हेच कुळाचे नाव बनले. 1371 मध्ये त्याच घराण्यातला रॉबर्ट राजा झाला. स्ट्यूअर्टांचा मान दरबारातून आला होता, म्हात्र्यांचा गावातून. आडनावाच्या इतिहासात हा फरक सर्वांत महत्त्वाचा मानायला हवा.

पुढच्या काळात गावप्रमुख म्हणून पाटील पुढे आला. 'पट्टकिल' हे त्याचे जुने रूप माळव्याच्या परमारांच्या दानपत्रांतही आहे. पाटीलकी हे वतन होते: इनाम जमीन, वसुलाची जबाबदारी, सणावारी मानपान, आणि सगळे वंशपरंपरेने. त्यामुळे पाटीलकी मिळालेल्या अनेक घरांनी मूळ आडनाव बाजूला ठेवून 'पाटील' लावले. हे वतन महाराष्ट्र शासनाने 1962 च्या कायद्याने रद्द केले, तरी आडनाव राहिले. महत्तराचे पद त्याच्या कितीतरी आधीच कारभारातून नाहीसे झाले होते. पद विसरले गेले तरी आडनाव टिकले, त्याची म्हात्रे ही आणखी जुनी खूण.

म्हात्रे आगरी समाजात विशेष आहेत, पण ते एका जातीचे आडनाव नाही. 'मंदिरपथगामिनी' या शिल्पाने नावारूपाला आलेले शिल्पकार गणपतराव म्हात्रे सोमवंशी क्षत्रिय पाठारे समाजातले होते. पद गावाचे असल्यामुळे त्या त्या गावातल्या प्रमुख समाजाकडे ते गेले असणार.

आगरी हे नाव आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आले. भात आणि मीठ हा इथला आधार. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, भरती-ओहोटी पाहून उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार, चालवायची, बांध फुटला तर रातोरात गाव गोळा करायचा, हे काम एकट्या कुटुंबाला जमणारे नव्हते. अशा गावाला कोणाचा तरी शब्द अखेरचा मानावा लागे. म्हात्रेपण या खारपट्ट्यात इतके खोल रुजले, त्याचे कारण इथेच शोधणे रास्त ठरेल.

जुन्या कागदांत माणसाची ओळख 'अमुक बिन तमुक, मौजे अमुक' अशी असे. आडनाव नेमाने लिहिणे इंग्रजी अमलात वाढले. जमिनीची मोजणी, शाळेचे दाखले आणि कोर्टाचे दावे यांमुळे ते पक्के झाले. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत आलू बेमट्या म्हात्रे हे नाव आहे. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि घराण्याचे नाव अशी ही तिपेडी ओळख तोवर रूढ झाली होती.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन त्या नव्या शहरासाठी ठरली. शेती आणि मिठागरे गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले; त्यांची आडनावे घरत, ठाकूर, तांडेल आणि पाटील. तांडेल हेही पदनामच, होडीवरच्या म्होरक्याचे. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भूखंडावरचा हक्क सातबाऱ्यावरच्या नावावरून ठरू लागला आणि वारसांच्या कागदपत्रांना मोठे मोल आले. एकाच गावात एकाच आडनावाची अनेक घरे, त्यांत एकसारखी नावे. त्यामुळे कोण कोणाचा वारस, हे बापाच्या आणि आजाच्या नावापर्यंत मागे जाऊन दाखवावे लागले. दानपत्रांच्या काळात जमिनीची साक्ष देणारा महत्तर होता. त्याच्या नावाच्या वारसांना आता स्वतःच्या जमिनीसाठी कागदाची साक्ष काढावी लागली.