विश्लेषण : पुडीवरची गाय आणि पुडीवरचा विंचू… वेष्टनावरचे चित्र नेमके काय काम करते?

संगमनेर तालुक्यात एक गंमत आहे. तिथल्या सहकारी दूध संघाच्या दुधाला नाव आहे ‘राजहंस’ आणि तिथल्याच मालपाणी उद्योगाच्या तंबाखूवर आहे गाय. दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस दुधाला मिळाला तो अगदी चपखल. गाय मात्र तंबाखूकडे गेली. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातून निघालेली ‘गाय छाप जर्दा’ची पुडी राज्यातल्या टपऱ्यांवर आज कोणी वाचून मागत नाही. ‘एक गाय द्या’ म्हटले की काम होते. वेष्टनाच्या चित्रकलेला याहून मोठे यश कोणते? पण याच पुडीचा ८५ टक्के भाग आता सरकारी इशाऱ्याने व्यापला आहे आणि तो इशाराही एक चित्रच आहे. तळहातावर मावणाऱ्या कागदावर दोन चित्रे आमनेसामने उभी आहेत. एक ‘घे’ म्हणते, दुसरे ‘नको’ म्हणते.

‘छाप’ हा प्रकार आला कुठून?

गाय छाप, घोडा छाप, उंट छाप हे शब्द आज जुनाट वाटतात, पण ते एका अडचणीवरचे उत्तर होते. १९५१च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती. म्हणजे दहा गिऱ्हाइकांपैकी आठांना पुडीवरचे नाव वाचता येत नव्हते. त्यांना मागच्या आठवड्यात घेतलेला मालच पुन्हा हवा असेल, तर ओळखीची खूण लागणार. ती खूण म्हणजे छाप. विलायती गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ यांची रंगीत तिकिटे चिकटवलेली येत, ती याच कारणाने. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला, १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. रंगीत शिळाछपाई घराघरात पोहोचली ती अशा छापखान्यांतून. भिंतीवरची लक्ष्मी आणि मालावरचे लेबल ही एकाच तंत्राची भावंडे आहेत.

हीच युक्ती निवडणूक आयोगाने वापरली. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारागणिक वेगळी पेटी होती आणि पेटीवर चिन्ह. पुढे आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांनी साध्या पेन्सिलीने काढलेली कितीतरी चिन्हे मतपत्रिकेवर आली. सायकल, कंदील, शिलाई मशीन अशा रोजच्या वस्तू, रेघ ठसठशीत, सावली-छटा जवळपास नाही. १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे गाय-वासरू होते. बाजारात आणि मतदान केंद्रावर गाय एकाच कारणाने चालते. ती लांबून ओळखू येते आणि तिच्याशी कोणाचे वैर नसते.

चांगली छाप ओळखायची कशी?

पुढच्या वेळी किराणा दुकानात उभे राहाल, तेव्हा एक प्रयोग करून पाहता येईल. फळीपासून पाच पावले मागे जा आणि डोळे किलकिले करा. अक्षरे पुसट होतील, रंगांचे ठोकळे आणि एखादी आकृती उरेल. त्या धुरकट चित्रातही माल ओळखू आला, तर ते वेष्टन करणाऱ्याला त्याचे काम कळले होते. दुधाच्या पिशव्या बहुतेक लोक नावावरून नाही, रंगावरून मागतात. ‘निळी द्या’ एवढे पुरते.

जुन्या लेबलांचा हा गुण बराचसा गरिबीतून आला. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. दगड वाढला की खर्च वाढला आणि रंग एकमेकांवर नेमके न बसण्याचा धोकाही वाढला. म्हणून तीन-चार रंग, सपाट भरणी, बाहेरून काळी जाड रेघ. छपाई थोडी सरकली तरी ती रेघ सांभाळून घेते. आज संगणकावर लाखो रंग फुकट मिळतात आणि चिवड्याच्या पाकिटावर चमक, सावली, उडणारे शेंगदाणे, लिंबाचे थेंब, ताऱ्यात ‘नवीन’ असे सगळे एकदम येते. पाच पावलांवरून ते सारे सारखेच दिसते.

दुसरी गोष्ट अक्षराची. देवनागरीची शिरोरेषा ही वेष्टन करणाऱ्याला मिळालेली आयती देणगी आहे. सगळे नाव एका दांडीला टांगले जाते आणि शब्दाचा एक ठोस आकार तयार होतो. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी याचा किती उपयोग केला, हे जुनी वर्तमानपत्रे चाळणाऱ्यांना माहीत आहे. नाटक विनोदी की रहस्यमय, हे त्यांच्या नुसत्या नावाच्या अक्षरांवरून कळे. जुन्या बिडीच्या, जर्द्याच्या, काडेपेटीच्या लेबलांवरही नाव हाताने रेखलेले असे, उपलब्ध जागेत बसवलेले, गोलाईवर वळवलेले. आता त्या जागी अनेकदा फॉन्ट ताणून, दाबून बसवलेला दिसतो. मग उभ्या दांड्या जाड, आडव्या बारीक होतात आणि मात्रा लटकल्यासारखी दिसते. वाचकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण माल स्वस्तातला आहे हे मात्र जाणवते.

आणि तिसरा गुण म्हणजे न बदलणे. छापेची सगळी कमाई सातत्यावर उभी असते.

नक्कल ठरवायची कोणी?

छाप चालली की तिच्यासारखी दुसरी येतेच. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पार्ले प्रॉडक्ट्सचा खटला आला, तो शब्दांपेक्षा चित्राचा होता. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतातले घर, झाडे, गायी, कोंबड्या आणि मधोमध पाण्याची बादली नेणारी मुलगी होती. म्हैसूरच्या एका उत्पादकाच्या वेष्टनावरही घर, झाडे, गायी, कोंबड्या आणि मुलगीच. फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. खालच्या न्यायालयांनी दोन्ही कागद तपासून फरक दाखवले आणि पार्लेचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले. गिऱ्हाईक दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाही, त्याच्या मनात एकूण ठसा राहतो, आणि त्या ठशात घोटाळा होत असेल तर नक्कल झाली, असा त्याचा रोख होता.

वेष्टन पाहण्याचा याहून चांगला धडा कुठल्या कलाशाळेत मिळेल, शंका आहे. (त्यानंतर घराघरात ओळखीची झालेली पार्ले-जीची छोटी मुलगी कोणाचा फोटो आहे, यावर समाजमाध्यमांत अधूनमधून दावे होतात. ते चित्रकार मगनलाल दहिया यांनी १९६०च्या दशकात काढलेले चित्र आहे.)

छापेवर मालकी उत्पादकाची असली तरी तिच्या अर्थावर त्याची एकट्याची मालकी राहत नाही. पुण्याच्या एका जुन्या बिडीवर संभाजी महाराजांचे नाव होते. २०२० मध्ये त्यावरून आंदोलन पेटले आणि ती ‘साबळे बिडी’ झाली. कित्येक दशके टपरीवर बिनबोभाट विकले गेलेले लेबल लोकांना अचानक सलू लागले. कागद तोच होता, पाहणारे बदलले होते.

विंचू का फसला?

इथून गोष्ट उलट्या बाजूने पाहावी लागते. तंबाखू विकायला चित्र लागले, तसे ती थांबवायलाही चित्रच लागेल, हे सरकारला उशिरा उमगले. १९७५च्या कायद्याने इशारा सक्तीचा केला तो फक्त सिगारेटला आणि तोही शब्दांत. ज्या गिऱ्हाइकाला पुडीवरचे नाव वाचता येत नव्हते, त्याला तो इशाराही वाचता येणार नव्हता. २००३च्या कायद्यानंतर चित्रमय इशाऱ्याची तरतूद झाली आणि प्रत्यक्ष चित्र पाकिटावर यायला ३१ मे २००९ उजाडले. तेही फक्त दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर.

धूम्रपानाच्या मालावर फुप्फुसे आली. खाण्याच्या तंबाखूवर आला विंचू.

चित्रकाराच्या नजरेने पाहिले तर विंचू चांगलाच होता. ठसठशीत आकार, काळी रेघ, लांबून ओळखू येणारा. आणि तिथेच तो फसला. ज्या बाजारात गाय, उंट, घोडा, मोर हे सगळे मालाची नावे सांगतात, तिथे विंचू आणखी एक छाप वाटला तर गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही. विंचू आणि कर्करोग यांचा संबंध जोडायला शब्द वाचावे लागत होते. म्हणजे मूळ अडचण होती तिथेच राहिली. १ डिसेंबर २०११ पासून विंचू गेला आणि त्या जागी तोंडाच्या कर्करोगाची छायाचित्रे आली. बघवत नाहीत अशी. पण ती कशाबद्दल आहेत हे कोणाला विचारावे लागत नाही.

८५ टक्के म्हणजे किती?

१ एप्रिल २०१६ पासून इशारा दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर आला. त्यात ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हा नियम रद्द केला; जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि ८५ टक्के कायम राहिले. सप्टेंबर २०१८ पासून लाल पट्टीवर पांढरा मजकूर आणि काळ्या पट्टीवर व्यसन सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आला. चित्रे ठरावीक काळाने बदलली जातात.

हे बदलणे महत्त्वाचे आहे. छाप जुनी झाली की विश्वासाची होते, इशारा जुना झाला की दिसेनासा होतो. रोज पाहिलेल्या भयंकर छायाचित्रालाही डोळा महिन्याभरात सरावतो. म्हणून उत्पादक आपल्या गायीला हात लावत नाही आणि सरकारला मात्र सारखे नवे चित्र शोधावे लागते.

इशाऱ्याच्या मांडणीत उणिवाही आहेत. सिगारेटच्या पुठ्ठ्यावर छायाचित्र स्पष्ट उमटते, पण लहान पुडीच्या पातळ वेष्टनावर तेच चित्र दोन-तीन सेंटिमीटरचे होते, रंग एकमेकांत मिसळतात आणि जखमेऐवजी तपकिरी डाग दिसतो. पाच पावलांची परीक्षा इशाऱ्यालाही लावली, तर लाल पट्टी उत्तीर्ण होते, छायाचित्र अनेकदा नापास. ज्या पुड्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपणाऱ्या, तिथेच हे घडते.

मग परिणाम झाला का?

केंद्र सरकारच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची (गॅट्स) दुसरी फेरी २०१६-१७ मध्ये, म्हणजे ८५ टक्क्यांच्या नियमानंतर लगेच झाली. इशारा पाहून तंबाखू सोडण्याचा विचार केला, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २००९-१०च्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत ३८ वरून ६१.९ टक्क्यांवर, बिडी ओढणाऱ्यांत २९.३ वरून ५३.८ टक्क्यांवर गेले. खाण्याच्या तंबाखूत मात्र ते ३३.८ वरून ४६.२ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. विचार करणे म्हणजे सोडणे नव्हे, हे खरेच. पण सर्वांत कमी वाढ खाणाऱ्यांत झाली आणि महाराष्ट्राचा प्रश्न नेमका तोच आहे. त्याच सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे होते, धूम्रपान करणारे ३.८ टक्के.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून छापच काढून टाकली. सगळ्या कंपन्यांची पाकिटे एकाच मळकट तपकिरी रंगाची, नावे एकाच साध्या टायपात. लोकांना सर्वांत नकोसा वाटणारा रंग पाहणी करून निवडला होता. सुरुवातीला त्याला ‘ऑलिव्ह ग्रीन’ म्हटले गेले, तेव्हा तिथले ऑलिव्ह उत्पादक रागावले आणि नाव बदलावे लागले. भारतात असा नियम नाही. इथे इशाऱ्याखालच्या १५ टक्क्यांत गाय उभी आहे आणि जुन्या गिऱ्हाइकाला तेवढी पुरते.

टपरीवर काय घडते?

वेष्टनाचा सगळा खेळ वेष्टन हातात येते या गृहीतकावर चालतो. सुटी बिडी, सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात ते येतच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने सुट्या विक्रीवर बंदी घातली, तिच्यामागे हेच कारण होते. तरी टपरीवर काचेच्या बरणीतली सुटी सिगारेट आजही मिळते.

खाण्याच्या तंबाखूत आणखी एक वळण आहे. खेड्यात अनेक जण पुडी विकत घेतल्या घेतल्या फोडतात आणि तंबाखू डबीत भरतात. ही डबी दोन तोंडांची असते, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. दिवसभर खिशातून निघते ती डबीच. मळताना समोर ना गाय असते, ना तोंडाची जखम, ना मोफत क्रमांक. पुडी फाडून टपरीसमोर टाकली जाते आणि दोन्ही चित्रे तिथे धुळीत पडून राहतात. डबीवर मात्र काहीच छापलेले नसते.