तळाशी राहणारा पाहुणा

घरात काचेची पेटी येते, रंगीत मासे सोडले जातात आणि पंधरा दिवसांत तळाशी घाण दिसू लागते. मग आपण दुकानदाराला म्हणतो, ‘एखादा सफाईवाला मासा द्या हो!’ अशा वेळी बऱ्याचदा पिशवीत भरून मिळतो तो कोरीडोरास. हौशी मंडळी त्याला लाडाने ‘कोरी’ म्हणतात. मी कवितेचा माणूस. पण माझ्या लिहिण्याच्या टेबलाशेजारी सहा कोरी नांदतात. आज त्यांची थोडी वकिली करतो.

कोरी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा. आपल्या मागूर-शिंगाड्याच्या गणगोतातला, पण लांबी जेमतेम पाच ते सात सेंटीमीटर. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत. त्याचे नावही ‘शिरस्त्राण’ आणि ‘कातडे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून पडले. चार्ल्स डार्विनने ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून यातल्या ठिपकेदार जातीचे वर्णन 1842 मध्ये प्रसिद्ध झाले. एवढे चिलखत असूनही हा कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. मिशांनी वाळू चाचपत फिरणे, हाच त्याचा दिनक्रम.

मधूनच तो बाणासारखा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळ गाठतो. ती हवा जाते आतड्यात. तिथल्या रक्तवाहिन्या तिच्यातला प्राणवायू शोषून घेतात. आपला मागूरही हवा घेतो, पण कल्ल्यांजवळच्या खास अवयवाने. म्हणून पाणी आणि झाकण यांत थोडी जागा ठेवावी. सगळेच कोरी वारंवार वर धावू लागले, तर पाणी बिघडल्याची शंका घ्यावी.

आता सफाईचे. कोरी इतर माशांची विष्ठा खात नाही. काचेवरचे शेवाळही काढत नाही. उरलेसुरले अन्न तो टिपतो खरे, पण वरचे मासे खाली काही पोहोचू देतील तेव्हा ना! परिणामी, सफाईसाठी आणलेला हा मासा कित्येक घरांत गुपचूप उपाशी राहतो, पोटाशी खपाटीला जातो आणि एके दिवशी मरतो. आपण म्हणतो, ‘नाजूक होता बिचारा.’ आमच्याकडे दस्तरखान पसरले की आई आधी शेवटच्या टोकाला बसलेल्याच्या ताटात वाढायची. पेटीतही तोच रिवाज हवा. बुडणाऱ्या गोळ्या मिळतात. रात्री दिवा मालवल्यावर त्या टाकाव्यात.

मग घाण कोण काढणार? आपणच. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विषारी असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या पेटीत ही जिवाणूंची वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कोरी आणायचे ते त्यानंतरच. साचलेले नायट्रेट काढायला दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन औषध टाकून आधी घालवावा.

तळाला बारीक, गुळगुळीत वाळू असावी. धारदार खडीने मिशांना इजा होते, आणि मिशा गेल्या की अन्न शोधणे अवघड. पाणी 22 ते 26 अंश सेल्सिअसचे. उन्हाळ्यात पेटी उन्हापासून दूर. एकटा कोरी भेदरून कोपऱ्यात बसतो, म्हणून एकाच जातीचे निदान सहा तरी असावेत. पकडताना जाळीऐवजी भांडे वापरावे, कारण परांचे काटे जाळीत अडकतात.

एवढे सांभाळले तर कोरी पाच-दहा वर्षे सहज सोबत करतो. जो तळाशी राहतो तो आपल्या उष्ट्यावर जगेल, हे आपण फार लवकर गृहीत धरतो. पेटीपुढे बसाल तेव्हा वरचे रंग जरूर पाहा; पण खाली काय पोहोचले, तेही वाकून पाहा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)