फुगलेलं कुसू

जुलैत कोकणातल्या घराचं दार लागेनासं झालं, की घरातला कुणीतरी उत्साही माणूस रंधा शोधू लागतो आणि जुना सुतार त्याचा हात धरतो. आत्ता तासलंत तर फेब्रुवारीत फटीतून उजेड येईल, हे त्याला ठाऊक असतं. लाकडी क्लॅरिनेटचे सांधे आवळतात तेव्हा हाच सुतार शेजारी हवा.

क्लॅरिनेट म्हणजे एकसंध नळी नव्हे. माउथपीस, बॅरल, वरचा भाग, खालचा भाग आणि टोकाचा भोंगा असे पाच तुकडे एकमेकांत बसवले, की वाद्य तयार होतं. प्रत्येक सांध्यात एकाचं कुसू, म्हणजे पुढे आलेलं अरुंद टोक, दुसऱ्याच्या खोबणीत शिरतं. कुसवाभोवती कॉर्कची पट्टी चिकटवलेली असते. ती दबते, म्हणून हवा निसटत नाही. चांगली क्लॅरिनेट बहुतेक ग्रेनाडिलाची असतात. हे टांझानिया-मोझांबिककडचं काळं लाकूड पाण्यात टाकलं तर चक्क बुडतं. आपल्या शिसवीचं ते चुलत भावंड. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, डालबर्जिया.

एवढं टणक लाकूडही पाणी पितं. वाजवणाऱ्याच्या श्वासातली वाफ आत थंड होऊन ओघळते आणि सांध्यापाशी पोचते. कुसवाच्या टोकाला लाकूड आडवं कापलेलं असतं, त्याच्या शिरांची तोंडं उघडी असतात. म्हणून बाकीच्या अंगापेक्षा ही कड पाणी जास्त ओढते. त्यातही लाकूड सगळीकडे सारखं फुगत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. आडव्या अंगाने फुगतं, पण वर्षवलयांच्या दिशेने जास्त आणि त्यांना छेदणाऱ्या दिशेने कमी. त्यामुळे गोल कुसू किंचित लंबगोल होऊन बसतं आणि समोरासमोरच्या दोनच जागी घासू लागतं.

म्हणून घरी आधी तपासणी करायची. कॉर्कवरचं जुनं ग्रीस पुसून काढायचं. कॉर्क जाड असेल तर सांधा जड जातो, पण हाताला दबल्यासारखा लागतो. लाकूड लाकडाला अडत असेल तर अडकणं कोरडं, कडक असतं. खात्री हवी असेल तर कॉर्कच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या लाकडी कडांवर मऊ पेन्सिल फिरवायची, सांधा जपून थोडासा बसवायचा आणि काढून पाहायचं. शिसं जिथे पुसलं गेलं किंवा चकाकलं, ती जागा अडते आहे.

दोष कॉर्कचा निघाला तर काम सोपं. 320 नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कुसवाभोवती घेऊन, बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तशी हलकेच ओढायची. दोन-चार फेऱ्या, की पुन्हा बसवून बघायचं. जास्त घासलं गेलंच, तर कॉर्क नवा लावता येतो.

लाकूड अडत असेल तर आधी कागदाला हातच लावू नये. तुकडे सुटे करून आठवडाभर सावलीत, खोलीच्या हवेत ठेवावेत. ऊन किंवा हीटर दाखवला तर लाकडाला चीर जाण्याची भीती. पुष्कळदा एवढ्यानेच सांधा सैलावतो. कोरड्या ऋतूतही तीच जागा अडत राहिली, तरच 600 नंबरचा बारीक कागद घ्यावा आणि फक्त पेन्सिलने दाखवलेल्या जागी दोन-तीनदा फिरवावा. नाकावर मास्क हवा, कारण या लाकडाचा भुगा अनेकांना सोसत नाही. खोबण मात्र आतून घासू नये. वरच्या आणि खालच्या भागामधलं कुसू जास्त उतरलं तर सांधा डुगडुगतो, हवा गळते आणि खालचे स्वर फुटू लागतात.

सांधा पुरता अडकून बसला असेल तर जोर लावणं महागात पडतं. मूठ चाव्यांवर आवळली, की वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी नाजूक दांडी वाकते. कुसूच मोडलं तर कारागिराला त्या जागी नवा तुकडा बसवावा लागतो. त्यापेक्षा वाद्य दोन दिवस तसंच वाळू द्यावं.

नवं वाद्य पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवतात, ते लाकूड एकदम फुगू नये यासाठीच. वाजवून झालं की लगेच नळीतून फडकं ओढायचं, तुकडे सुटे करायचे आणि सुती रुमालाच्या टोकाने प्रत्येक कुसवाची कड आणि खोबणीचा तळ टिपून मगच पेटी बंद करायची. मुंबईच्या जूनमध्ये हा रुमालही रोज बदलावा लागतो.