प्रोसेसर बसला, पण चालला नाही

मागच्या वेळी आपण कॉम्प्युटरवर गटाचा हिशोब ठेवण्याविषयी बोललो. आज त्याच कॉम्प्युटरच्या पोटातल्या मदरबोर्डविषयी बोलू. हा विषय बाप्यांचा, असं आम्हालाही वाटायचं. गटाचे ३,२०० रुपये अडकले तेव्हापासून वाटेनासं झालं.

आमचा गट शाळेच्या गणवेशांची शिलाई घेतो. मापांच्या याद्या, बिलं, बँकेचे कागद, सगळं एका जुन्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर. तो इतका मंद झाला होता की बटण दाबून चहा टाकावा, गाळावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे स्क्रीनवर काही दिसायचं. तालुक्याच्या गावी कुणीतरी सुचवलं, तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आय-थ्री आहे, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह टाका. प्रोसेसर जिथे बसतो त्या चौकोनाला सॉकेट म्हणतात. आमचं सॉकेट एलजीए ११५१. नवा म्हणून जो जुनाच प्रोसेसर मिळत होता, तोही ११५१ चाच. आकडा जुळला म्हणून आम्ही घेतला. बसवला तर बरोब्बर बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच.

आता यातली गोम ऐका. शिलाई मशीनची सुई आपल्याला माहीत आहे. घरच्या मशीनची सुई दांड्याला एका बाजूनं चपटी असते, कारखान्यातल्या मशीनची बहुतेक गोल. तिथे निदान बघून फरक कळतो. इथे तोही कळत नाही. इंटेल कंपनीनं ११५१ हेच सॉकेट सहाव्या-सातव्या पिढीला दिलं आणि आठव्या-नवव्या पिढीलाही दिलं, पण आतल्या पिनांमधून वीज पुरवण्याची मांडणी बदलली. आठव्या-नवव्या पिढीला ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड लागतो, म्हणजे एच३१०, बी३६० वगैरे. आमचा होता एच११०. चिपसेट म्हणजे बोर्डावरची ती चिप, जी कुणाशी कुणाचं जमेल हे ठरवते. म्हणून सॉकेट जुळलं तरी थांबायचं नाही. बोर्डाचं पूर्ण नाव घ्यायचं आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर आहे का, ते बघायचं. ही यादी कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट असते. आम्ही ती पैसे दिल्यावर पाहिली.

दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही. बैठकीत त्या दिवशी बरंच ऐकावं लागलं. एक मावशी म्हणाल्या, “कळत नव्हतं तर गटाच्या पैशाला हात कशाला लावला?” त्यांचं चुकलं नव्हतं. आणखी एक कबूल करतो. नुसत्या मंदपणावर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावून बघायला हवी होती. बोर्डाला हातही न लावता फरक पडला असता. रोज तारीख-वेळ चुकत असेल, तर आधी बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदला. सीआर२०३२ म्हणून मागा, किरकोळ किमतीत मिळतो. एवढ्यासाठी कुणी “मदरबोर्ड गेला” म्हणालं तर दुसऱ्या दुकानात दाखवा.

पण आमच्यापुढे विंडोजचाही प्रश्न होता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सहावी पिढी त्यात बसत नाही. मग ठरलं, घेतलेला प्रोसेसर ठेवायचा आणि त्याला जुळणारा बोर्ड शोधायचा. या खेपेला आधी वही काढली.

विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून इंग्रजीत ‘एमएसइन्फो३२’ टाइप केलं की बोर्डाचं नाव दिसतं. ते लिहून घेतलं. मग सीपीयू, म्हणजे आपण ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा, उघडला. मेमरी डीडीआर-फोर निघाली. हे फार महत्त्वाचं. डीडीआर-थ्री, फोर आणि फाइव्ह यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बोर्ड बदलला आणि मेमरी जुळली नाही तर तोही खर्च अंगावर येतो. आजकाल बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एच६१० चे बोर्ड मिळतात, ते काही डीडीआर-फोरचे असतात, काही डीडीआर-फाइव्हचे. नुसतं “एच६१० द्या” म्हणू नका.

डब्यात मायक्रो एटीएक्स, म्हणजे २४४ मिलिमीटर लांब-रुंद बोर्ड मावतो, ते मोजलं. आपला मॉनिटर जुना, व्हीजीए वायरचा. म्हणून बोर्डाच्या मागे व्हीजीएची जागा हवी, असं लिहिलं. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ अक्षर नाही ना, तेही पाहिलं. एफ असला तर त्यात चित्र दाखवायची सोय नसते, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. ब्रँडेड कॉम्प्युटर असेल तर जास्त जपा, काहींच्या एसएमपीएसच्या वायरी आणि बोर्डाचा आकार त्यांचा त्यांचाच असतो.

बोर्ड सेकंडहँड एच३१० मिळाला. इंटेलच्या या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, केसासारख्या. टॉर्च धरून तिरकं पाहिलं, एकही वाकलेली नव्हती. फुगलेला कपॅसिटर नव्हता. पैसे देण्याआधी दुकानातच आमचा प्रोसेसर आणि मेमरी लावून चालू करायला लावला, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घालून पाहिला. पक्क्या बिलावर बोर्डाचा नंबर आणि एक महिन्याची हमी लिहून घेतली. सगळ्या फायली आधीच पेनड्राइव्हवर उतरवल्या होत्या. बोर्ड बदलला की विंडोजचा परवाना पुन्हा मागितला जाऊ शकतो, आणि कॉम्प्युटरबरोबर आलेला परवाना सहसा जुन्या बोर्डाशीच बांधलेला असतो. तो खर्च आम्ही ठरावात आधीच धरला. विंडोज ११ टाकताना बायोसमध्ये पीटीटी चालू करावं लागलं, तेवढं त्या मुलानं करून दिलं.

जुना बोर्ड आय-थ्रीसकट चालू स्थितीत आहे. पलीकडच्या वाडीतल्या गटानं तो मागितला, अठराशे द्यायला तयार होत्या. आम्ही विचारलं, तुमच्याकडची मेमरी कुठली? त्यांनी सीपीयू उघडून फोटो पाठवला. डीडीआर-थ्री होती. आम्ही बोर्ड दिला नाही, आमची वही तेवढी त्यांना नेऊन दिली.