दिवाळीनंतरचं डांबर

दिवाळी सरली की कोकणातल्या म्हसळ्याच्या हवेतला ओलेपणा हळूहळू उतरतो. जांभ्याच्या गडग्यांवरचं शेवाळ वाळून काळं पडतं. मग एखाद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी खडीचा ढीग पडलेला दिसतो आणि पोरं त्यावर चढून बसतात. रस्त्याचं काम निघालेलं असतं.

या ढिगाचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला आणि थक्क झालो. शंभर मीटर लांब आणि चार मीटर रुंद गल्लीवर वीस मिलिमीटरचं कार्पेट टाकायचं, तर सतरा-अठरा टन माल लागतो. त्यातलं डांबर फार तर सहाशे किलो, बाकी सगळा दगड. आता वरून येणारं पाणी मोजा. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याच तुकड्यावर चार महिन्यांत बारा लाख लिटर पाणी! दहा हजार लिटरचे एकशेवीस टँकर एका गल्लीत रिकामे करावेत, तेवढं. आणि त्याच्यासमोर उभं असतं ते सहाशे किलो डांबर.

हे काम थंडीतच का करायचं, याचं उत्तर दगडाच्या स्वभावात आहे. दगडाला डांबरापेक्षा पाणी जवळचं वाटतं. खडी ओली असेल तर पाणी आधीच तिला चिकटून बसलेलं असतं, डांबर वरवर माखतं आणि पहिल्या रहदारीत सुटतं. म्हणून खडी वाळायला हवी, खालचा थर वाळायला हवा, आणि माल गरम हवा. प्लांटमधून तो दीडशे अंशांच्या पुढे तापून निघतो. डंपरवर ताडपत्री घालतात ती धुळीसाठी नसते, वाटेत ऊब जाऊ नये म्हणून असते. पसरताना तो एकशेचाळीसच्या आसपास असावा लागतो आणि नव्वदच्या खाली यायच्या आत रोलर फिरून झालेला असावा लागतो. रोलरच्या चाकांवर पाणी शिंपडत चालणारा माणूस, फावड्याने कडा सारखी करणाऱ्या बायका, पायांना बांधलेली फडकी, वर उठणारी निळसर वाफ. ही सगळी घाई त्या पन्नास अंशांसाठी चाललेली असते.

बर्फाच्या देशांत याच दिवसांत नगरपालिका मिठावर पैसा ओतत असतात. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. तिकडे भेगेत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि रस्ता आतून फोडतं. आपल्याकडे ते गोठतच नाही, तरी रस्ता फुटतो. खड्ड्यात साचलेल्या पाण्यावरून एसटीचं चाक गेलं की ते पाणी दाबाने भेगेत घुसतं, आणि चाक पुढे गेलं की आतली माती घेऊन बाहेर येतं. एकेक चाक म्हणजे पंपाचा एकेक दट्टा. पाणी थोपवायचं तर रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता हवा. चार मीटरच्या गल्लीत मधला भाग जेमतेम पाच सेंटीमीटर, म्हणजे तीन बोटं उंच. त्या तीन बोटांच्या उतारावर आणि पुढच्या मोकळ्या गटारावर सगळा खर्च तरतो किंवा बुडतो. माझं स्पष्ट मत आहे की रस्त्याचा पैसा आधी गटारात घालावा.

आता पैशाचं वर्ष बघा. ते १ एप्रिलला सुरू होतं. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, एवढं होईपर्यंत जून उजाडतो आणि पाऊस दारात येतो. पुढचे चार महिने डांबर बंद. हाती उरतात ते दिवाळी ते मार्च एंडचे महिने. निधीलाही अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी छोट्या शहरांच्या अनुदानाचा साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. अबंधित राहिला चाळीस टक्के, आणि त्यातून पगार द्यायची मुभा नव्हती. म्हणून रस्त्यासाठी राज्याच्या नगरोत्थान योजनेकडे आणि जिल्हा वार्षिक योजनेकडे डोळे लागतात.

रस्त्यांबरोबर शहरी संस्थांकडे दिवेही असतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांसाठी अठरा विषय आहेत. चौथा रस्ते आणि पूल, सतराव्यात पथदिवे. तेरावा मला फार आवडतो: सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाजूंना चालना. सणाची रोषणाई बसवायची तर तिथे. रोषणाईवर पैसे उडवतात अशी कुरकुर होते, तेव्हा मीटरचा हिशोब करून बघावा. साठ वॉटचा एक पथदिवा रोज बारा तास जळला, तर वर्षाला सुमारे २६३ युनिट खातो. दहा वॉटच्या शंभर एलईडी माळा दिवाळीच्या पाच रात्री सहा-सहा तास लावल्या, तर सगळ्या मिळून ३० युनिट. खांबावरचा तो एकटा दिवा बेचाळीस रात्रींत तेवढी वीज संपवतो! पाच रात्रींच्या झगमगाटाचा खर्च विजेचा नसतोच. तो भाड्याचा, वायरचा, शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या मजुरीचा असतो.

आणि कोकणाचा सगळ्यात मोठा सण काही दिवाळी नाही. चाकरमानी माणगावला उतरून घाट चढून येतात ते भाद्रपदात, रस्ता सर्वांत वाईट असतो तेव्हा. डांबर घालता येत नाही, म्हणून खड्ड्यात मुरूम पडतो, आणि पुढच्या सरीत तो वाहून जातो. विसर्जनाच्या वाटेवर लावलेले दिवे तेव्हा खरं काम करतात. मूर्ती डोक्यावर घेतलेल्या माणसाला पायाखालचं पाणी दिसावं लागतं.

माघात डांबर घातलेल्या गल्लीवरून पहिल्यांदा गणपती जातो, तोवर त्या तुकड्यावर नऊ-दहा लाख लिटर पाणी पडून गेलेलं असतं.