खाण येण्याआधी नाल्याची नोंद



वणी, भद्रावती, राजुरा या वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात सेवा करताना कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांत एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. "ताई, खाण तर नाल्यापासून लांब आहे, मग आमच्या नाल्याचं काय बिघडणार?" या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देते, कारण ते खाण सुरू झाल्यावर समजून फारसा उपयोग होत नाही.

उघड्या खाणीत कोळशापर्यंत जाण्यासाठी वरची माती आणि खडक काढून बाजूला टाकतात. खाणीत काम करणारे या ढिगाला 'ओबी' म्हणतात. हा ढीग नव्याने उकरलेला, भुसभुशीत असतो. पहिल्याच मोठ्या पावसात त्याची माती ओघळून नाल्यात येते. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठी असे ढिगारे उभे राहून पात्र अरुंद झाल्याची तक्रार शहरातले लोक वर्षानुवर्षे करत आहेत. पोडावरचे नुकसान मात्र शहराच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात आपल्या बाया नाल्याच्या रेतीत झिरा खोदून पाणी भरतात. त्या रेतीवर चिकणमातीचा थर बसला की पाणी झिरपायचे थांबते.

दुसरी गोष्ट खोलीची. खाणीचा खड्डा गावच्या विहिरींपेक्षा कितीतरी खोल जातो आणि भोवतालचे भूजल त्याकडे वळते. ते पाणी पंपाने उपसून नाल्यात सोडतात. म्हणून काही ठिकाणी उलटेच चित्र दिसते: मे महिन्यात विहीर कोरडी आणि नाला वाहता! लोकांना आनंद होतो, आणि तो मोडणे मला जिवावर येते.

कारण ते पाणी वेगळे असते. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट नावाचे लोह आणि गंधक असलेले खनिज असू शकते. हवा आणि पाणी लागले की त्यातून आम्ल तयार होते, लोह सुटते आणि नाल्यात तांबूस साका बसतो. खडकात चुन्याचा अंश असेल तर आम्ल मारले जाते, पाणी नितळ दिसते, पण सल्फेट आणि जडपणा त्यात राहतोच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे बायांना आधी कळते. सुरुंगाच्या दारूतून नायट्रेटही पाण्यात उतरते.

"आमचे पाणी निकषात बसते," असे अधिकारी सांगतात तेव्हा कोणता निकष, हे विचारावे. कोळसा खाणीतून नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. हा निकष सोडायच्या पाण्याचा आहे, पिण्याचा नाही. पिण्याच्या पाण्यात सल्फेट २०० मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरी सोयच नसेल तर ४००. यहेज्केलच्या ३४व्या अध्यायात धष्टपुष्ट मेंढरे निवळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करतात आणि दुबळ्यांना तेच प्यावे लागते. मला तो अध्याय हल्ली इथेच घडताना दिसतो.

नाला वाचवण्याचे उपाय जुने आणि माहितीतले आहेत. वरची सुपीक माती वेगळी जपून ठेवायची. ढिगाच्या पायथ्याला दगडी भिंत आणि भोवती चर काढायचे, ते पाणी गाळ बसवण्याच्या हौदात न्यायचे आणि तो हौद पावसाळ्यापूर्वी उपसायचा. यात सर्वांत जास्त दुर्लक्ष उपसण्याकडे होते. भरलेला हौद असून नसल्यासारखा. खड्डा भरताना ढिगाचा उतार कमी करून, सुपीक माती पसरून आधी गवत आणि मग झाडे लावायची. नुसती झाडांची रांग म्हणजे पुनर्भरण नव्हे. खाण बंद करण्याच्या खर्चासाठी २००९ पासून केंद्राच्या नियमानुसार वेगळ्या खात्यात दरवर्षी रक्कम ठेवावी लागते. ते पैसे नाल्यापर्यंत पोचतात का, हे ग्रामसभेने विचारायलाच हवे.

पण पूर्वी पाणी कसे होते, याचा पुरावा आपल्याकडे नसेल तर सगळे बोलणे हवेत जाते. "हे पाणी आधीपासूनच जड होते," एवढे एक उत्तर पुरते. म्हणून खाणीची जनसुनावणी जाहीर झाली की लगेच नोंद सुरू करा. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. मंजुरी मिळाल्यावर खाणीने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो सर्वांसाठी खुला असतो. मंजुरी देणाऱ्या यंत्रणेकडे तो लेखी मागा. खनिज निधीतून पिण्याच्या पाण्याची कामे प्राधान्याने होऊ शकतात, त्यासाठीही अर्ज द्या.

नोंद फार अवघड नाही. नाल्याच्या दोन जागा ठरवा, एक खाणीच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या. विहिरीची पातळी दोरीने मोजून दर महिन्याला वहीत लिहा. जलजीवन मिशनच्या किटने बायांना काही चाचण्या गावातच करता येतात, पण सल्फेटसाठी नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि "सल्फेट" हा शब्द अर्जात स्पष्ट लिहा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकणाखाली हवा राहू देऊ नका. वर जागा, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचे नाव लिहा. पोचपावतीची झेरॉक्स ग्रामपंचायतीत एक आणि स्वतःकडे एक ठेवा.