टंचाईच्या यादीतली तीन वर्षं

अमेरिकेत एखाद्या औषधाची टंचाई आहे की नाही, हे कायद्याच्या दृष्टीने दुकानदार ठरवत नाही आणि रुग्णही ठरवत नाही. ते एफडीए या औषध नियंत्रकाची यादी ठरवते. यादीवर नाव चढलं की टंचाई सुरू, उतरलं की संपली. एरवी ही यादी रुग्णालयांचे खरेदी अधिकारी आणि फार्मासिस्ट सोडून फारसं कोणी उघडून बघत नाही. मार्च २०२२ मध्ये तिच्यावर वजन कमी करणाऱ्या वेगोव्ही या इंजेक्शनचं नाव चढलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्ही आणि ओझेम्पिक या दोन्हींतलं औषध, तिच्यावरून उतरलं. मधल्या तीन वर्षांत लाखो अमेरिकनांनी हे औषध अशा ठिकाणांहून घेतलं, जिथे एरवी त्याची हुबेहूब नक्कल करून विकणं कायद्यात बसलं नसतं.

मुळात मागणीचा अंदाजच चुकला होता. वजन कमी करण्याच्या औषधांची अमेरिकेतली कीर्ती चांगली नव्हती. हृदयाच्या झडपांवर परिणाम झाल्याने १९९७ मध्ये 'फेन-फेन' जोडीतलं औषध बाजारातून काढावं लागलं, ते डॉक्टर विसरले नव्हते. ४ जून २०२१ रोजी वेगोव्हीला मान्यता मिळाली तेव्हा मात्र हातात वेगळेच आकडे होते. ६८ आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, नुसती सुई टोचून घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांहून कमी. असं आतापर्यंत फक्त शस्त्रक्रियेने साधत होतं. लोक तुटून पडले. त्याच वर्षाअखेरीस, ही दोन्ही औषधं बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कसाठी इंजेक्शनचं पेन भरून देणाऱ्या ब्रुसेल्सच्या कंत्राटी कारखान्याचं काम तपासणीतल्या त्रुटींमुळे थांबलं. वेगोव्ही मिळेना म्हणून लोक मधुमेहाच्या ओझेम्पिककडे वळले, मग तेही मिळेना, आणि ज्यांना ते साखरेसाठीच लागत होतं ते दुकानोदुकानी फोन करत बसले. २०२२ संपता संपता एली लिली या कंपनीचं तशाच प्रकारचं टिर्झेपाटाइडही यादीवर आलं.

पण पेन मिळालं असतं तरी ते परवडणारं होतं का? वेगोव्हीची छापील किंमत महिन्याला १,३४९ डॉलर. नोकरीतून मिळणाऱ्या बऱ्याच विमा योजना वजनाच्या औषधाला हात लावत नव्हत्या, आणि ज्येष्ठांच्या मेडिकेअरला २००३ च्या कायद्यानेच निव्वळ वजन कमी करण्याच्या औषधांवर खर्च करायला मनाई आहे. तिकडे जर्मनीत ओझेम्पिकचा महिन्याचा खर्च ५९ डॉलरच्या घरात, अमेरिकेत ९६९. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सिनेटर बर्नी सँडर्स यांनी नोव्होचे प्रमुख लार्स यॉर्गेन्सन यांना हेच आकडे वाचून दाखवले. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ओझेम्पिकचा महिन्याचा उत्पादनखर्च पाच डॉलरच्या आत असल्याचा हिशेब मांडला होता. संशोधनाचा खर्च त्यात नाही, हे कंपनीचं म्हणणं खरं. तरी पाच आणि ९६९ यांच्यामध्ये बरंच काही मावतं.

या फटीतून कंपाउंडिंग फार्मसी आत शिरल्या. डॉक्टरांच्या दवाखान्यात पडद्यामागे बसून मिक्श्चर बनवणारा आणि बाटलीवर डोसांची कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना फार समजावून सांगायला नको. एखाद्या मुलाला गोळी गिळता येत नाही, एखाद्याला औषधातल्या रंगाची अॅलर्जी आहे, तर त्या एका रुग्णासाठी औषध वेगळं बनवून द्यायचं. अमेरिकेने १९९७ मध्ये या जुन्या पद्धतीला कायद्यात जागा दिली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या एका कंपाउंडिंग सेंटरमधून गेलेली बुरशी लागलेली इंजेक्शनं पाठीच्या दुखण्यासाठी दिली गेली, मेंदूज्वराची साथ पसरली आणि साठाहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्यांसाठी नोंदणी आणि तपासणी असलेला दुसरा वर्ग आला. दोन्ही वर्गांना एक अट समान आहे: बाजारात मिळणाऱ्या मान्यताप्राप्त औषधाची नक्कल करायची नाही. आणि अपवादही एकच महत्त्वाचा, ते औषध टंचाईच्या यादीवर असेल तर.

अपवाद ठेवणाऱ्यांच्या मनात भुलीची औषधं, सलाइन, केमोथेरपी असणार. महिना हजार डॉलरचं आणि कोट्यवधींना हवं असलेलं औषध तीन वर्षं यादीवर राहील, हे कोणाच्या डोक्यात आलं नसावं.

सुरुवातीला हा उद्योग विखुरलेला होता: गावातली फार्मसी, त्वचेवर लेसर मारणारे मेडस्पा, फोनवर पाच प्रश्न विचारून प्रिस्क्रिप्शन देणाऱ्या टेलिहेल्थ सेवा. मे २०२४ मध्ये 'हिम्स अँड हर्स' ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी महिना १९९ डॉलरला कंपाउंडेड सेमाग्लुटाइड घेऊन उतरली आणि प्रकरणाचा पोतच बदलला. २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या सामन्यात तिने जाहिरात दिली. रुग्णागणिक औषध घोटून देण्यासाठी असलेली सवलत आता अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या जाहिरातीच्या जागेत बसली होती. त्या जाहिरातीत औषध कंपन्यांच्या लुबाडणुकीवर कोरडे होते, पण स्वतःच्या औषधाचे दुष्परिणाम ठळकपणे सांगण्याचा सोस नव्हता.

या बाटलीत काय होतं, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सोयीने वापरला. कंपन्यांनी कंपाउंडेड आणि बनावट यांची मुद्दाम सरमिसळ केली. बनावट ओझेम्पिक खरोखर सापडलं होतं, डिसेंबर २०२३ मध्ये एफडीएने ते जप्तही केलं. पण परवानाधारक फार्मसीने प्रिस्क्रिप्शनवर बनवलेलं औषध आणि चोरट्याने लेबल छापलेली बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फार्मसीवाल्यांनीही 'तेच औषध' हे दोन शब्द सोयीने वापरले. काही ठिकाणी सेमाग्लुटाइडऐवजी त्याचा सोडियम किंवा अॅसिटेट क्षार वापरला जात होता, आणि मान्यता त्या रूपाला नव्हती. कंपाउंडेड औषधाची सुरक्षितता, परिणाम किंवा दर्जा एफडीए ते रुग्णाच्या हाती पडण्याआधी तपासत नाही, हेही जाहिरातीच्या पानावर बारीक अक्षरांत जायचं. लहान कंपाउंडिंग फार्मसींवर तर दुष्परिणाम कळवण्याचं केंद्रीय कायद्याचं बंधनच नाही. म्हणून नोंदल्या गेलेल्या शेकडो तक्रारींवरून खरा आकडा काढता येत नाही, कमी म्हणून निश्चिंत होता येत नाही आणि जास्त म्हणून घाबरताही येत नाही.

माझ्या मते खरा धोका रसायनाइतकाच मापात होता. कंपनीच्या पेनात डोस आधीच भरलेला असतो. टेकवायचं आणि दाबायचं. कंपाउंडेड औषध आलं ते अनेक डोसांच्या बाटलीत, सोबत इन्शुलिनची सिरिंज. डॉक्टर लिहिणार मिलिग्रॅममध्ये, बाटलीवर मिलिलिटर, सिरिंजवर युनिट. द्रावणाची तीव्रता फार्मसीगणिक वेगळी. बाटलीत मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम औषध असेल तर सुरुवातीचा पाव मिलिग्रॅमचा डोस म्हणजे सिरिंजवरचे पाच युनिट, सुईच्या टोकाशी जेमतेम दिसणारी रेघ. आयुष्यात कधी सिरिंज न धरलेल्या माणसाला ती रेघ मोठ्या आकड्याचीच वाटणार. जुलै २०२४ मध्ये एफडीएने कळवलं की पाच युनिट सांगितलेल्यांनी पन्नास घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. काही ठिकाणी तर हिशेबात डॉक्टरच चुकले होते. हे औषध शरीरात निम्म्यावर यायला सुमारे आठवडा घेतं. दसपट डोस गेला की उलट्या, चक्कर, शरीरातलं पाणी कमी होणं हे दिवसेंदिवस चालतं आणि ते उतरवायला उतारा नाही. स्वस्त औषधाची उरलेली किंमत अशी रुग्णाच्या बोटांवर टाकली गेली होती.

आणि तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. या तीन वर्षांत ब्रँडेड औषधाची किंमत खाली आणली ती कुठल्या कायद्याने नाही, सिनेटच्या सुनावणीने नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लिलीने आपलं झेपबाउंड, म्हणजे वजनासाठीचं टिर्झेपाटाइड, पेनाऐवजी एकेका डोसाच्या बाटलीत, विमा नसलेल्यांना थेट विकायला काढलं: सर्वांत लहान डोस महिना ३९९, पुढचा ५४९ डॉलर. होय, बाटली आणि सिरिंजच, फक्त बाटलीत एकच डोस असल्याने चुकीला जागा कमी. फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच ३४९ आणि ४९९ वर आलं. मार्चमध्ये नोव्होने वेगोव्ही रोखीने ४९९ ला दिलं. १,३४९ वरून ४९९. मधल्या काळात कारखान्यात असं काय स्वस्त झालं, हे कोणी सांगितलं नाही. समोर १९९ चा भाव लागला होता, इतकंच.

यादीवरून नाव उतरवतानाचं नाट्यही पाहण्यासारखं होतं. २ ऑक्टोबर २०२४ रोजी टिर्झेपाटाइडची टंचाई संपल्याचं एफडीएने जाहीर केलं; पाच दिवसांत कंपाउंडिंगवाल्यांच्या संघटनेने टेक्सासच्या न्यायालयात दावा ठोकला. एफडीएने निर्णय फेरविचारासाठी मागे घेतला आणि १९ डिसेंबरला तोच पुन्हा जाहीर केला. सेमाग्लुटाइडचं नाव २१ फेब्रुवारी २०२५ रोजी उतरलं. लहान फार्मसींना २२ एप्रिल, मोठ्यांना २२ मेपर्यंत मुदत. उत्पादन पुरेसं आहे, असं एफडीएचं म्हणणं. दुकानात अजून मिळत नाही, असं फिर्यादींचं. न्यायालयाने एफडीएच्या बाजूने कौल दिला. पैशाअभावी औषध न मिळणं ही टंचाई कायद्याच्या कुठल्याच व्याख्येत बसत नव्हती, त्यामुळे त्यावर वाद झालाही नाही.

मुदत संपली आणि बाटल्या मात्र बंद झाल्या नाहीत. त्यांना 'वैयक्तिक' म्हटलं जाऊ लागलं. कुठे बी-१२ जीवनसत्त्व मिसळलं, कुठे डोस पेनात न मिळणारा ठेवला, की ती नक्कल उरत नाही, असा युक्तिवाद. एखाद्या रुग्णाला तो खरोखर लागत असेल. हजारोंना एकदम लागला, यावर विश्वास ठेवायला थोडा मोकळेपणा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये नोव्होने हिम्सशी हातमिळवणी करून वेगोव्ही तिच्यामार्फत विकायला दिलं आणि जूनमध्ये फसव्या विक्रीचा आरोप करत ही भागीदारी मोडली. एका दिवसात हिम्सचा शेअर तीस टक्क्यांहून अधिक पडला. नोव्होचंही बरं चाललं नव्हतं. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या सगळ्या अर्थव्यवस्थेहून मोठं बाजारमूल्य झालेल्या या कंपनीने २०२५ मध्ये विक्रीचे अंदाज खाली आणताना कंपाउंडिंगकडे बोट दाखवलं, मे महिन्यात यॉर्गेन्सन यांना पायउतार व्हावं लागेल असं जाहीर केलं आणि सप्टेंबरात ९,००० नोकऱ्या कमी करण्याचं ठरवलं. लिली वेगाने पुढे निघून गेली होती, हे कारण तितक्या मोठ्याने सांगितलं गेलं नाही. नोव्हेंबरात वेगोव्हीचा रोखीचा भाव ३४९ झाला. डिसेंबरात वेगोव्हीच्या गोळीला मान्यता मिळाली आणि तिचा सुरुवातीचा डोस महिना १४९ डॉलरला ठरला, म्हणजे हिम्सच्या पहिल्या भावाच्याही खाली.

आपल्याकडे याच काळात ही औषधं वेगळ्या वाटेने आली. टिर्झेपाटाइड मौंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये आलं, अडीच मिलिग्रॅमची बाटली ३,५०० रुपये आणि पाचची ४,३७५, आठवड्याला एक. वेगोव्ही जूनमध्ये आलं आणि पाच महिन्यांतच त्याचे भाव ३७ टक्क्यांपर्यंत उतरले. इथे कोणी टंचाईची यादी लावली नव्हती. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपायचं होतं आणि जेनेरिक कंपन्या तयारीला लागल्या होत्या.